माळढोक, थर्मलची चिमणी आणि सोलापूरची हवा: कायदा नेमका कुठवर आलाय?

नान्नजकर

परवा उन्हाळ्याच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं, ‘हवेचा कायदा म्हणजे दिल्लीकरांचं कौतुक. आपल्याला ऊन आणि पाणी एवढे दोनच प्रश्न.’ तिथंच उत्तर दिलं असतं तर मॉडरेटरनं कान उपटले असते, म्हणून हा वेगळा धागा.

हवामान बदलाबद्दल आपल्या देशात आजवर लागलेला सगळ्यात महत्त्वाचा निकाल माळढोक पक्ष्याच्या खटल्यातला आहे. होय, आपलाच माळढोक. १९७९ साली ज्याच्यासाठी नान्नजचं अभयारण्य झालं आणि पुढे ज्याच्या नावानं जमिनीच्या व्यवहारांवरून अख्खी पिढी वैतागली, तोच. आता नान्नजला तो दिसला तर पेपरात बातमी येते.

खटला एम. के. रणजितसिंह विरुद्ध भारत सरकार. माळढोकाचं अंग जड, डोळे बाजूला, समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही. म्हणून एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं राजस्थान आणि गुजरातमधल्या सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरमध्ये उच्चदाब वाहिन्यांवर निर्बंध घातले आणि जिथं जमेल तिथं तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. सरकार परत कोर्टात गेलं. सौर ऊर्जेचे सगळे मोठे प्रकल्प त्याच पट्ट्यात, एवढ्या दाबाच्या केबल जमिनीखाली टाकणं जमणार नाही आणि पॅरिस कराराचा शब्दही पाळायचाय, असं म्हणणं मांडलं. २१ मार्च २०२४ ला चंद्रचूड, पारडीवाला आणि मनोज मिश्रा यांच्या पीठानं तो सरसकट आदेश मागे घेतला, तज्ज्ञ समिती नेमली, आणि त्याच निकालात सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि २१ मधून मिळतो. डिसेंबर २०२५ मध्ये समितीच्या शिफारशी मान्य होऊन राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातेत ७४० चौरस किलोमीटरचं प्राधान्य क्षेत्र ठरलं.

म्हणजे हक्क माणसांना मिळाला आणि संरक्षणाचं क्षेत्र पक्ष्याचं आकसलं. मला हा सौदा पूर्ण पटलेला नाही, पण हक्क कागदावर आलाय हे नाकारता येत नाही.

दुसरं, सोलापूर ‘दिल्लीवाल्यांच्या’ यादीत आहेच. जानेवारी २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या १३१ शहरांत महाराष्ट्रातून सोलापूर, सांगली, लातूर, कोल्हापूर सगळे आहेत. हवेची मानकं सलग पाळता न आलेली शहरं त्या यादीत टाकली. तेव्हा आपल्याला काय त्याचं, हे बोलणं सात वर्षांपूर्वीच शिळं झालंय.

तर प्रश्न असा: हक्क आहे, यादीत नाव आहे, मग सात रस्त्याला उभं राहिलं की नाकाला रुमाल का लावावा लागतो?

शेंगाचटणी

कारण रस्ते खोदून ठेवलेत बे. यात सुप्रीम कोर्ट काय करलालंय? गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर अर्धा तास फिरून ये, अनुच्छेद २१ नाकात जाऊन बसतो.

बाष्पक

शेंगाचटणी, हसून सोडू नका, मुद्दा बरोबर आहे. स्वच्छ हवा कार्यक्रम हा कायदा नाही, कार्यक्रम आहे. सुरुवातीला २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत धूलिकण २० ते ३० टक्के कमी करायचं ठरलं, मग तेच २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असं झालं. नाही जमलं तर कुणावर खटला? कुणावरच नाही. जास्तीत जास्त निधीचा पुढचा हप्ता अडतो.

त्यातही मोजमाप बहुतेक पीएम १० वर, म्हणजे जाड धुळीवर. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं २०२४ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा देशभरात या योजनेतला ६४ टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर झालेला निघाला. झाडू मारणारी यंत्रं, पाणी फवारणाऱ्या गाड्या, कारंजी. फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसणारे बारीक कण येतात जळणातून: कोळसा, डिझेल, लाकूड, कचरा. ते कारंज्यानं खाली बसत नाहीत.

सातरस्ता ओपीडी

डॉक्टर म्हणून दोन ओळी. आपलं राष्ट्रीय मानक २००९ चं आहे: पीएम २.५, म्हणजे तेच बारीक कण, वर्षाला सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम, दिवसाला ६०. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये वार्षिक ५ आणि दिवसाला १५ असं केलं. त्यामुळे मोबाईलवर ‘समाधानकारक’ हिरवं दिसलं म्हणून खोकला थांबत नाही. आपल्याकडे उन्हाची झळ आणि धूर एकाच माणसाला एकाच वेळी लागतात, आणि तो बहुतेक उघड्यावर काम करणारा असतो. किंवा बंद खोलीत तंबाखूच्या भुकटीत बसून विड्या वळणारी बाई. घरात बसून वळलेल्या विडीच्या हवेला यातला एकही कायदा लागू होत नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

जुळेसोलापूरकर

फताटेवाडीच्या थर्मल वीज प्रकल्पाचं काय झालं? सल्फर काढायचं यंत्र बसवणार होते ना?

बाष्पक

हाच खरा गाभा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं औष्णिक वीज केंद्रांसाठी नवी मानकं काढली. १ जानेवारी २०१७ नंतर सुरू होणाऱ्या संचांनी धुरातला सल्फर डायऑक्साइड घनमीटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचा. आपल्या फताटेवाडीच्या प्रकल्पातले ६६० मेगावॅटचे दोन्ही संच २०१७ आणि २०१९ चे, म्हणजे कडक मानकातले. यासाठी चिमणीच्या आधी धूर चुनखडीच्या पाण्यातून धुवायचा, त्यालाच एफजीडी म्हणतात. शेवटी जिप्सम निघतं, ते सिमेंटला जातं.

मूळ मुदत डिसेंबर २०१७. मग २०२२. मग २०२१ साली केंद्रांचे अ, ब, क गट पाडले आणि प्रत्येकाला वेगळी तारीख. मग आणखी दोनदा मुदतवाढ. आणि ११ जुलै २०२५ ला अधिसूचना आली की ‘क’ गटाला सल्फरचं हे मानक लागूच नाही, फक्त चिमणीच्या उंचीचा निकष २०२९ अखेरपर्यंत पूर्ण करा. देशातली बहुतेक केंद्रं याच गटात. ‘अ’ म्हणजे दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवरच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत, त्यांना २०२७ अखेर. ‘ब’ म्हणजे अतिप्रदूषित पट्टा किंवा आपल्यासारख्या यादीतल्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत, त्यांचं एकेक प्रकरण समिती बघणार.

गंमत बघा, २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं. दहाचा आकडा थोडक्यात हुकला.

काळा कोट

आणि दहा किलोमीटर नेमके कुठून मोजले तेही बघा. शहराच्या हद्दीपासून मोजले असतील तर हद्दवाढ झाली की मोजपट्टी सरकते. म्हणून गट कुठला हे चौकातल्या गप्पांवर सोडू नका, लेखी उत्तर मागा.

होटगीकर

सरकारची बाजूही मांडतो, नाहीतर हा धागा एकतर्फी होईल. भारतीय कोळशात गंधक कमी, बहुतेक अर्ध्या टक्क्याच्या आत. शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मानकाच्या आतच मोजला जातो. यंत्राला पैसा लागतो, ते चालवायला वीज आणि पाणी लागतं, वीज महाग होते. उजनीच्या पाण्यासाठी आपण दर उन्हाळ्यात भांडतो, मग थर्मलला धूर धुवायला आणखी पाणी द्यायचं का? हा प्रश्न मला तरी खोटा वाटत नाही.

बाष्पक

पाण्याचा मुद्दा खरा आहे. गंधकाचा अर्धाच आहे. वायू म्हणून तो मानकात बसतो, पण हवेत गेल्यावर त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात. म्हणजे हवा मोजणाऱ्या यंत्रावर सल्फर डायऑक्साइड कमी दिसतो आणि पीएम २.५ वाढलेलं दिसतं. मोजायचं एक आणि श्वासात जायचं दुसरंच. शिवाय दहा वर्षं मुदत वाढवून शेवटी मानकच काढून टाकलं, तर ज्यांनी आधी पैसे घालून यंत्र बसवलं ते मूर्ख ठरले.

राखेचा नियम मात्र बरा आहे, तो कुणी बघत नाही. ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना. सगळी राख वापरात आली पाहिजे, वीट, सिमेंट, रस्ता कुठंही. न वापरलेल्या राखेवर टनाला हजार रुपये भरपाई. उन्हाळ्यात उघड्या ट्रकमधून राख उडताना दिसली तर हा नियम लक्षात ठेवा.

अवकाळी

मोहोळकडचा शेतकरी. मला सांगा, पाचट जाळलं तर मी गुन्हेगार का? दोन दिवसांत रान मोकळं करायचं, खोडव्याला पाणी द्यायचं, मजूर मिळत नाही. वीटभट्टीचा धूर माझ्या डाळिंबावर बसतो तेव्हा कायदा कुठं असतो?

काळा कोट

अवकाळी, दोन वेगळे प्रश्न आहेत.

दिल्लीच्या आसपास पिकाचे अवशेष जाळण्यावर जो दंड आहे (२०२४ पासून जमिनीच्या आकारानुसार ५, १० आणि ३० हजार), तो २०२१ च्या वायू गुणवत्ता आयोगाच्या कायद्याखाली आहे आणि तो कायदा फक्त दिल्ली व लगतच्या भागापुरता. महाराष्ट्राला लागू नाही. इथे नान्नजकरांना टोमणा मारणाऱ्यांचं थोडं बरोबर आहे: हवा बिघडली की शाळा, बांधकामं, ट्रक टप्प्याटप्प्यानं बंद करणारी यंत्रणा खरोखर दिल्लीकरांनाच मिळाली. आपल्याला यादीतलं नाव मिळालं.

वीटभट्टीवर मात्र तुमच्या बाजूनं कायदा आहे. फेब्रुवारी २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेत भट्टी वस्तीपासून आणि फळबागेपासून किमान ८०० मीटर दूर हवी, असं स्पष्ट म्हटलंय. फळबाग हा शब्द तिथं मुद्दाम आहे. भट्टी आधी की बाग आधी हे बघावं लागेल. सातबाऱ्यावर डाळिंबाची नोंद कोणत्या वर्षापासून आहे ते काढून ठेवा.

अवकाळी

नोंद आहे. ड्रिपच्या अनुदानाचा कागदपण आहे. बघतो.

पूर्वभाग

मी चादर-टॉवेलवाला. अक्कलकोट रोडला कारखाना. सगळे चिमणी चिमणी म्हणतात, पण नोटीस येते आमच्या छोट्या बॉयलरला. लाकूड जाळलं तर धूर, गॅस लावला तर धंदा बंद. आता युरोपातला गिऱ्हाईक टॉवेलामागं कार्बन किती ते विचारायलाय. मी लूमवाल्याला विचारलं, तो म्हणतो शेठ, हा कुठला नवा टॅक्स?

बाष्पक

टॅक्स नाही, निदान तुमच्या मालावर अजून तरी नाही. युरोपचं आयात मालावरचं कार्बन शुल्क १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष सुरू झालं, पण ते सिमेंट, लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजन यांवर. कापड त्यात नाही. गिऱ्हाईक विचारतं ते त्याच्या स्वतःच्या हिशेबासाठी.

आपल्याकडचं वेगळं. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, २०२३ मध्ये कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीची योजना आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिली बंधनकारक लक्ष्यं आली: अॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली, कागद अशा २८२ कारखान्यांना. टनामागे किती कार्बन सोडायचा याची मर्यादा. खाली राहिलात तर क्रेडिट मिळतं, वर गेलात तर विकत घ्या, नाहीतर भरपाई भरा. जानेवारी २०२६ मध्ये कापड उद्योगही आला, पण मोठ्या गिरण्या. पूर्व भागातला लूमवाला त्यात नाही. होटगीकडच्या सिमेंटवाल्यांचा धंदा मात्र पहिल्या यादीतला.

पूर्वभाग

मग बरं. पण नोटिशीचं सांगा. पूर्वी वकील म्हणायचा जेल होईल. आता म्हणतो दंड. खरं काय?

काळा कोट

आता खरं दंडच. वायू कायदा १९८१ चा. त्याच्या कलम ३७ खाली संमतीशिवाय कारखाना चालवणं किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निर्देश न पाळणं यासाठी किमान दीड आणि कमाल सहा वर्षं कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं ती काढली आणि १ एप्रिल २०२४ पासून तिथं १० हजार ते १५ लाख रुपये दंड आहे. उल्लंघन चालू राहिलं तर दिवसाला आणखी १० हजार. कैद फक्त दंड न भरला तर.

हे ऐकून पर्यावरणवाल्यांनी कपाळाला हात लावला. माझं मत वेगळं आहे. जुन्या कलमाखाली सोलापुरात कुणी सहा वर्षं आत गेलेला मी तरी पाहिला नाही. फौजदारी खटला, तारखा, साक्षीदार फितूर, शेवटी कारखानाच विकलेला. दंड लवकर लागू शकतो. ‘शकतो’ म्हणतोय. कारण दंड ठरवणारा अधिकारी राज्याच्या सचिव दर्जाचा हवा आणि तो काही सोलापुरात बसत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या नियमांप्रमाणे तक्रार ठरलेल्या नमुन्यात करायची. मंडळ करू शकतं, तुमच्या-माझ्यासारखी व्यक्तीही करू शकते. निर्णय मान्य नसेल तर दंडाचे १० टक्के भरून पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित लवादाकडे अपील.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे: १५ लाख हा आकडा मोठ्यांना चहापाण्याएवढा आणि पूर्वभाग यांच्यासारख्याला संसार मोडणारा. कमाल रकमेला उलाढालीशी जोडायला हवं होतं.

सातरस्ता ओपीडी

पण मग मोठ्याला काही बोचतच नाही असं झालं ना?

काळा कोट

अगदी तसं नाही. ४ ऑगस्ट २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, दिल्ली प्रदूषण नियंत्रण समिती विरुद्ध लोधी प्रॉपर्टी. त्यात म्हटलंय की वायू कायद्याच्या कलम ३१अ खाली मंडळं दंडाव्यतिरिक्त नुकसानभरपाई लावू शकतात, संभाव्य हानीसाठी बँक गॅरंटीही मागू शकतात. शिक्षा वेगळी, बिघडवलेलं दुरुस्त करायचा खर्च वेगळा. अट एवढीच की त्यासाठी आधी नियम केलेले असावेत. बड्या माणसाला जिथं लागतं ते हे.

उलटा निकालही सांगतो. मे २०२५ मध्ये वनशक्ती संस्थेच्या खटल्यात कोर्ट म्हणालं, आधी बांधायचं आणि मग पर्यावरण मंजुरी घ्यायची हे बंद. १८ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एकनं तोच निकाल मागे घेतला. न्या. भुयान यांचं विरोधी मत शोधून वाचा, मराठी भाषांतर नसलं तरी.

शेंगाचटणी

म्हणजे आधी चिमणी बांध, मग परवानगी घे. हे सोलापूरला कुणी शिकवायला नको 😀

होटगीकर

चिमणीचं नाव काढलंच तर: सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, अख्ख्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितली. वाद कशाचा होता? विमान उतरण्याचा आणि बांधकाम परवानगीचा. तिच्यातून निघणाऱ्या धुराबद्दल एक ओळ कुणी काढली नाही. मी दोन्ही बाजूंच्या राजकारणात पडत नाही, पण विमानाला अडथळा झाला की यंत्रणा किती जोरात हलते ते तेव्हा कळलं.

नान्नजकर

होटगीकर, ते लिहायचं माझ्या मनात होतं, भांडण पेटेल म्हणून टाळलं.

जगाचंही एक टाकतो. २३ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं एकमतानं सांगितलं की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, करारात असो वा नसो, आणि ते मोडलं तर भरपाईचा प्रश्न उभा राहतो. मागणी वानुआटू नावाच्या चिमुकल्या बेट-देशानं रेटली आणि मूळ कल्पना तिकडच्या कॉलेजच्या पोरांची. तो सल्ला आहे, हुकूम नाही. पण आपल्या कोर्टात वकील तो दाखवणारच.

जुळेसोलापूरकर

हेग राहू द्या हो. आमच्या गल्लीत रोज सकाळी झाडलेला पाला आणि त्यात प्लास्टिक कोपऱ्यात पेटवतात. आईला दमा आहे. एका कार्यालयात तक्रार दिली तर म्हणाले आमच्याकडे नाही, दुसरीकडे जा. दुसरीकडे गेलो तर साहेब दौऱ्यावर. नेमकं कुणाला धरायचं?

काळा कोट

कचरा उघड्यावर जाळण्याला घनकचऱ्याच्या नियमांत सरळ बंदी आहे. डिसेंबर २०१६ मध्ये हरित लवादानं अल्मित्रा पटेल प्रकरणात साध्या जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५ हजार भरपाई ठरवली, ती देशभर लागू. तेव्हा ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर चालत नाही, स्थानिक संस्थेचीच जबाबदारी आहे.

असं करा. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा. तक्रार तोंडी नको, लेखी द्या, पोच घ्या. पोच हीच पुढची सगळी केस असते. काहीच हललं नाही तर हरित लवादाचं पश्चिम पीठ पुण्यात आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी हजार रुपये, वकील लावलाच पाहिजे असं नाही. लवादाच्या कायद्याच्या कलम १४ खाली सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, म्हणून पोचेवरची तारीख महत्त्वाची.

शेंगाचटणी

हजार रुपये? आमच्या ग्रुपची एका रविवारची पार्टी. मी देतो बे, जुळेसोलापूरकर, तू फोटो काढ.

नान्नजकर

मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. एक, आपला थर्मल प्रकल्प अ, ब, क पैकी कुठल्या गटात आणि अंतर कुठून मोजलं. दोन, स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूरला आलेला पैसा वर्षवार कशावर गेला. तीन, एप्रिल २०२४ नंतर जिल्ह्यात वायू कायद्याखाली किती जणांना दंड झाला, किती वसूल झाला. मसुदा उद्या इथं टाकतो, भर घाला.

काळा कोट

तिन्ही एका अर्जात घालू नका, परत येईल. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जाला एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. तीन अर्ज करा, प्रत्येकाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आणि पहिला अर्ज केंद्राच्या मंत्रालयाकडे जाईल, तो ऑनलाइन भरा.